कालव्याच्या वाटेवरची मालिका

हरवलेली कोणतीही गोष्ट शोधून मिळेल, असं माझ्या दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं आहे. पाटी मीच रंगवली, तो भाग वेगळा. औंढ्याच्या बसस्टँडसमोर माझं ऑनलाइनचं दुकान आहे. विसरलेले पासवर्ड, अडकलेले पीकविमे, आधार कार्डावर आजोबांपेक्षा वयानं मोठे झालेले नातू, असं सगळं माझ्याकडं येतं आणि सरळ होऊन जातं. मागच्या वर्षी सरकारी कागदात मयत झालेल्या एका म्हाताऱ्याला मी दुपारच्या चहाच्या आत जिवंत केलं. तेव्हापासून तो दुकानासमोरून जाताना चप्पल काढतो. मी त्याला सांगितलं की एवढं करू नका. पण फार जोर लावून सांगितलं नाही.

त्यामुळं शकुताईचा फोन आला तेव्हा मी चहा पीत होतो, आणि तो मी पीतच राहिलो.

शकुताई माझी थोरली बहीण. सिद्धेश्वरकडच्या उपकेंद्रात नर्स आहे. ती फोनवर 'हॅलो' म्हणत नाही, सरळ मुद्द्यावर सुई टोचते. त्या दिवशी म्हणाली, "बाळ्या, लहानपणी आपण मालिका बघायचो बघ, वकीलबाईची. त्यातल्या बाईचं नाव काय होतं रे?"

"कोणती मालिका?"

"ते आठवत असतं तर तुला काहून फोन केला असता?"

प्रकरण असं होतं. आमच्या वैजनाथदादाला मुलगी झाली होती. वहिनी बाळंतपणाला कुरुंद्याला, तिच्या माहेरी. रविवारी तिथंच बारसं. आता बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, हे तुम्हाला सांगायला नको. आत्या बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगते आणि मागे उभ्या असलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. एवढा मार खायचा म्हणजे हक्कही तिचाच असणार. पण वहिनीच्या धाकट्या बहिणीनं मोबाइलवरून आधीच एक नाव काढून ठेवलं होतं. कियांशी. पाळण्यावर लावायला थर्माकोलची अक्षरंसुद्धा आणून ठेवली होती.

शकुताईचा या नावावर आक्षेप वैद्यकीय होता. तिचं म्हणणं, तिच्या लसीकरणाच्या यादीत आधीच ढीगभर कियांशी आहेत. एकीला टोचायला हाक मारली की सगळ्या एकदम रडायला लागतात.

"मला त्या बाईचं नाव ठेवायचंय," ती म्हणाली. "तुला म्हाईत आहे काहून."

मला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. शकुताई बारावीला असताना तिला एक स्थळ आलं. पाहुणे नेमके इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी आले. ओसरीत पोहे खात बसले होते. शकुताई कंपासपेटी घेऊन त्यांच्यासमोरून गेली आणि दारात वळून बाबांना म्हणाली, "माझं लगन ज्याला करायचं त्यानं करावं, मी परीक्षेला चालले." आणि गेली. पाहुण्यांनी पोहे संपवले, चहा घेतला आणि तेही गेले. पुढं ती नर्स झाली. लग्नही झालं, पण तिच्या सोयीनं, सुटी बघून. आणि ते दारातलं वाक्य तिचं नव्हतं. ते त्या मालिकेतल्या बाईचं होतं, हे तिनं तेव्हाच सगळ्यांना सांगितलं होतं. तोवर आमच्याही घरात टीव्ही आला होता, बाबा कितीतरी दिवस त्याच्याकडं पाठ करून जेवायचे.

"रविवारपर्यंत नाव मिळालं न्हाई तर कियांशी," ताई म्हणाली. "आत्या म्हणून मीच ते नाव कानात सांगायचं आणि वरून मारही मीच खायचा. मग मी त्या लेकराला जन्मभर नावानं हाक मारणार न्हाई. 'ए पोरी' म्हणीन."

"रविवार कशाला?" मी म्हणालो. "आज संध्याकाळी घे."

आता मालिका काय होती ते ऐका. मी तेव्हा दुसरीत होतो, पण मला स्पष्ट आठवत होतं.

एक वकीलबाई असते. काळा कोट, चष्मा, कोर्टात हिंदी बोलते. मालिका रंगात आली की ती घरी जाते. घरी गेली की नऊवारी नेसते, मराठी बोलते, आणि तिची सासू तिला चुलीपुढं बसवते. तिचा नवरा कोर्टात फौजदार आणि घरी दूधवाला. दोघांचेही चेहरे घरी आल्यावर जरा वेगळे दिसत.

यात आम्हाला कधी काही खटकलं नाही. कोर्टात हिंदी आणि घरी मराठी, यात नवल काय? आम्हीही हिंगोलीला बाजाराला गेलो की हिंदीच बोलतो. एसटीतून उतरेपर्यंत मराठी, उतरल्यावर "कितने को दिया?" आणि चेहरा बदलण्याचं म्हणाल तर आमच्या आईनं तेव्हाच निकाल दिला होता. सासरी गेल्यावर बाईचा चेहरा बदलतोच. फौजदाराचंही तसंच. वर्दी उतरली की त्याला कोण ओळखतं?

ही मालिका बघायची पद्धतही सांगायला पाहिजे. गावात टीव्ही दगडोबाकाकांकडं होता. पण तेव्हा लोडशेडिंग होतं. मालिका अर्ध्यावर आली की गावाची लाईट जायची. कालव्याच्या कडेनं पुढं गेलं की तांडा लागतो. तांड्याचा फीडर वेगळा. इकडची लाईट गेली की तिकडची यायची. मग सगळी पोरं दगडोबाकाकांच्या अंगणातून उठायची, अंधारात कालव्याच्या वाटेनं तांड्यावर जायची आणि धर्मसिंग नाईकांच्या घरी उरलेली मालिका बघायची. आमच्यासोबत तांड्याची मिराबाई असायची. ती म्हैस चारून परतताना दगडोबाकाकांकडं थांबायची. म्हैस लिंबाला बांधून आत बसायची आणि लाईट गेली की दावं सोडून म्हशीसकट आम्हाला घेऊन निघायची. मी वाटेत दादाच्या खांद्यावर झोपलेला असायचो. तांड्यावर जाग यायची तेव्हा वकीलबाई घरी आलेली असायची.

एवढी माहिती हातात असताना मालिका शोधायला किती वेळ लागणार?

आधी मी मोबाइलमधल्या त्या हुशार यंत्राला विचारलं. त्यानं पहिल्यांदा माझ्या प्रश्नाचं कौतुक केलं. मग छातीठोकपणे एका मालिकेचं नाव दिलं, कलाकार दिले, कथा दिली. मी म्हणालो, अशी मालिकाच नाही. तर म्हणे, तुमचं अगदी बरोबर आहे. आणि दुसरी दिली. तीही नव्हती. माझ्यापेक्षा जास्त आत्मविश्वास असलेला कुणीतरी मला पहिल्यांदाच भेटला होता, म्हणून मी ते लगेच बंद केलं.

मग फेसबुकवर जुन्या मालिकांच्या चाहत्यांचा एक गट आहे, तिथं सगळं सविस्तर लिहिलं. पहिल्या तासात लोक मदत करत होते. दुसऱ्या तासात भांडत होते. साताऱ्याच्या एका काकूंनी विचारलं, नायिका जुळी होती का? मी म्हणालो, नाही, एकच होती, सासरी गेली होती. पुण्याच्या एका गृहस्थांनी लिहिलं की भाषा आणि चेहरा बदलत जाणारी स्त्री हा त्या काळातला फार धाडसी प्रयोग होता आणि आपण त्याची दखल घेतली नाही याची त्यांना लाज वाटते. त्याखाली लोक हात जोडलेली चित्रं टाकू लागले. कुणीतरी त्या अनाम दिग्दर्शकाला श्रद्धांजली वाहिली! शेवटी गटाच्या चालकानं, 'व्यसन करून गटात लिहू नये,' असा शेरा मारून मला बाहेर काढलं.

मी खचलो नाही. इंटरनेटला जे माहीत नसतं ते दगडोबाकाकांना माहीत असतं.

दगडोबाकाका आता थकलेत, पण आवाज जुनाच आहे. मी वकीलबाईचं नाव काढलं तसे ते उठून बसले.

"निरुपमा," ते म्हणाले. "नाव निरुपमा. पण लई कमनशिबी बाई. एक केस जिंकली न्हाई आयुष्यात."

"एकही न्हाई?"

"मी तर कधी जिंकलेली पाहिली न्हाई. उभी राहायची, 'मिलॉर्ड' म्हणायची, की लाईट जायची. मी झोपायचो."

नाव मिळालं होतं! मी तिथूनच ताईला फोन लावणार होतो. पण मी व्यवसायानं खात्री करणारा माणूस. एका साक्षीदारावर मी सातबाराही काढून देत नाही. म्हटलं, धर्मसिंग नाईकांनाही विचारून टाकू. तर काका म्हणाले, मीही येतो, किती वर्षांत तांड्यावर गेलो नाही. मी त्यांना मोटारसायकलवर मागे बसवलं. आयुष्यात माझ्या हातून ज्या थोड्या चुका झाल्या, त्यातली ही एक.

धर्मसिंग नाईक दारातच बाजेवर बसले होते. रामराम झाला, पाणी झालं, गुडघ्यांची तकलीफ एकमेकांना सांगून झाली. मी विषय काढला.

"वकीलबाई?" नाईक म्हणाले. "माझ्या टीव्हीवर कोणी वकील आली न्हाई. गोदा होती. गरीब बिचारी. सासू लई खट."

"गोदा कोण?" काका म्हणाले. "निरुपमा."

"गोदा."

"नाईक, मी रोज बघायचो. काळा कोट घालायची."

"काका, मी बी रोज बघायचो. कोट न्हाई, ती तर शेणगोठा करायची."

दगडोबाकाकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. हे आमच्या गावात गंभीर लक्षण मानतात.

"म्हणजे माझ्या घरातून बाई वकील होऊन निघाली," ते म्हणाले, "आणि तुमच्या तांड्यावर येईपर्यंत तिला शेण काढायला लावलं तुमी?"

"आमी काहून लावू? तुमच्याकडं एवढ्या केसा हरली, कोण देईल तिला वकिली?"

बाजेभोवती माणसं जमायला लागली. तांड्यावरची माणसं गोदाच्या बाजूनं होती, आणि गावाच्या बाजूनं एकटे दगडोबाकाका लढत होते. मी दोघांनाही शांत करत होतो, म्हणजे दोघांच्या मधे उभा राहून घाम पुसत होतो. तेवढ्यात काका म्हणाले की तुमचा टीव्हीच फसवा होता. नाईकांना ते लागलं. ते उठले आणि आम्हाला घराच्या मागे घेऊन गेले. तिथं टीव्हीची भली मोठी डिशची छत्री होती, आकाशाकडं तोंड करून. आता तिच्यात लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या.

"ही बघा," नाईक म्हणाले. "पंचक्रोशीत पहिली छत्री. साठ चॅनल यायचे. तुमच्याकडं काय होतं?"

"काड्यांचा अँटेना," काका म्हणाले. "एकच चॅनल. पण सरकारी."

मिरच्यांकडं बघता बघता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं मिरच्यांमुळं आलं असेल.

"काका," मी म्हणालो, "त्या दोन मालिका होत्या."

 दगडोबाकाकांनी टोपी परत घातली, परत काढली.

"म्हणजे," ते हळू म्हणाले, "ती निरुपमा तिकडं अंधारात केस लढून राहिली होती, आणि तुमी लेकरं इकडं येऊन दुसऱ्याच बाईच्या सासूला शिव्या देऊन राहिले होते?"

तसंच होतं. आमच्या एका पिढीनं दोन बायकांचा एक संसार लावला होता. पुण्याच्या त्या गृहस्थांना कळवावं असं वाटलं, पण त्यांना वाटलेली लाज वाया जाऊ देणं बरं दिसलं नसतं.

पण माझ्या दृष्टीनं नुकसान काहीच नव्हतं. एक नाव शोधायला गेलो होतो, दोन मिळाली. मी बाजूला जाऊन ताईला फोन लावला आणि विजयी आवाजात सांगितलं, निरुपमा किंवा गोदा, तुला जी पाहिजे ती घे.

"दोन्ही न्हाईत," ताई म्हणाली.

"न्हाईत कसं? दोघींच्या मालकांसमोर उभा आहे मी."

"बाळ्या, निरुपमाचा बाप तर पहिल्यापासून फोटोत होता, हार घातलेला. आता आठवलं मला. आणि ती गोदा शाळेची पायरी चढली न्हाई. मग परीक्षेला कोण चालली होती?"

हे मात्र खरं होतं. मी हार मानली. अशी मी वर्षातून एखाद्या वेळी मानतो.

"तो सीन मला आता बी दिसून राहिला," ताई म्हणाली. "अंधार होता. ती पुढं चालली होती, तरातरा. बाप मागून ओरडून राहिला. बाजूनं पाणी वाहायचा आवाज. आणि तो वास."

"कशाचा वास?"

"म्हशीचा. ओल्या म्हशीचा."

"ताई," मी म्हणालो, "टीव्हीला वास नसतो."

तिकडं उपकेंद्रातली खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"व्हय की," नर्सबाई म्हणाल्या.

मिराबाईचं घर तिथून तिसरं. मी दोन्ही म्हाताऱ्यांना एकमेकांच्या ताब्यात देऊन तिकडं गेलो. मिरामावशी ओट्यावर हळदीच्या कांड्या निवडत बसली होती. केस पांढरे झालेत, बाकी तशीच. मी कुणाचा ते सांगितल्यावर म्हणाली, "खांद्यावर झोपणारं लेकरू? केवढं झालं! आता चालतोस का?"

मी मालिकेचं विचारलं. वाटेवर, अंधारात, तुम्ही आम्हाला काही सांगायच्या का?

"मंग?" ती म्हणाली. "लेकरं भ्यायची ना. कालव्याला पाणी, वर काळोख. काही तरी बोलत न्यावं लागतं. तुमी इचारायचे, मावशी, आता तिकडं टीव्हीत काय चालून राहिलं असंल? मी सांगायची. आता तिचा बाप आला. आता म्हणतो, पोरी, पुस्तक ठेव, पाहुणे आलेत."

"पण तुम्हाला कसं कळायचं?"

"त्यात काय कळायचंय? बाप लोक काय बोलतात ते मला म्हाईत न्हाई का?"

तिनं एक किडकी कांडी बाजूला टाकली.

"आणि ते परीक्षेला चालले म्हणाली, ते?"

"ते व्हय." मावशीनं हातातली कांडी उलटून बघितली. "माझ्या येळेला मला सुचलं न्हाई ते. मी गेले गुमान, पाटावर बसले. मागून सुचलं, पोरं झाल्यावर. मंग फुकट काहून घालवायचं? दिलं तिच्या तोंडात."

   मी एक हळदीची कांडी उचलून निवडल्यासारखं केलं. मावशीनं ती माझ्या हातातून काढून घेतली, कारण ती चांगली होती आणि मी किडक्यांत टाकत होतो.

"मावशी, त्या बाईचं नाव काय ठेवलं होतं तुम्ही?"

"कजरी."

कजरी! काय नाव होतं! लहान, गोड, हाक मारली की शेताच्या दुसऱ्या बांधापर्यंत जाणारं. मी उभाच राहिलो. पाटीवरचं एक अक्षरही खोटं नव्हतं.

"फार छान. कुठून सुचलं?"

"सुचायचं काय," मावशी म्हणाली. "माझी म्हैस नव्हती का, ती. पुढं तीच चालायची. मी एकीकडं गोष्ट सांगायची, एकीकडं तिला हाकायची. 'मंग बाप म्हणतो थांब, चल कजरी. मंग ती म्हणते न्हाई, कजरी, सरळ चाल.' लेकरांना वाटलं तिचंच नाव कजरी. मी म्हटलं, असू द्या."

मी परत बसलो.

आता तुम्ही माझ्या जागी काय केलं असतं ते मला माहीत नाही. मी व्यवसायानं लोकांची माहिती सांभाळणारा माणूस आहे. कुणाला किती माहिती लागते हे मला बरोबर कळतं. ताईला मी फोनवर सगळं सांगितलं. वाट, अंधार, मिराबाईची गोष्ट, ते मागून सुचलेलं वाक्य आणि नाव. फक्त म्हशीचा भाग जागेअभावी गाळला.

 ताई म्हणाली, "कजरी. बराबर." आणि नाक ओढलं. मग म्हणाली, "मिरामावशीला बारशाला घेऊन ये. तिच्याबिगर मी नाव ठेवत नसते."

मावशीला न्यायचं म्हणजे म्हशीची जिवंत साक्षीदार पाळण्याजवळ नेऊन बसवायची. पण ताईपुढं आमच्या घरात बाबांचंही चाललेलं नाही. पाहुण्यांचंही नाही.

रविवारी कुरुंद्याला मांडव भरला होता. ताईनं वहिनीच्या खोलीत जाऊन आधी नाव सांगितलं. धाकट्या बहिणीनं लगेच मोबाइल काढला. मी दारात उभा राहून नागनाथाचं नाव घेतलं. पोरगी नावाचा अर्थ वाचत गेली, काजळ भरलेल्या डोळ्यांची, सावळ्या ढगासारखी. मग म्हणाली, "युनिक आहे." वहिनीनं दोनदा म्हणून बघितलं, कजरी, कजरी. दुपट्यातल्या बाळानं एक डोळा उघडला. झालं, कियांशीची अक्षरं परत डब्यात गेली. 'क' तेवढा उपयोगी पडला.

पाळण्याखालून 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' झालं. ताई वाकली, कानात कुर्र केलं, आणि मागच्या बायकांनी धपाट्यांचा असा पाऊस पाडला की एवढा राग कुणाकुणाचा होता ते मी लक्षात ठेवलं. ताई हसत होती. डोळ्यांत पाणी होतं, पण ते धपाट्यांचं आहे असं तिनं सगळ्यांना सांगितलं.

पहिली पंगत उठली आणि जी गोष्ट होऊ नये ती झाली. वहिनीची आई पानसुपारीचं ताट घेऊन मिरामावशीशेजारी येऊन बसली. शकुताईनं त्यांना सांगून ठेवलं होतं की हे नाव मूळ मावशींनी दिलेलं. चारपाच बायका सरकून जवळ आल्या. मी वाढायचं सोडून तिथंच बुंदीचं ताट घेऊन उभा राहिलो.

"मावशी," वहिनीची आई म्हणाली, "ही कजरी कोण होती हो? कशी होती?"

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. मी डोळ्यांनी, भुवयांनी आणि बुंदीच्या चमच्यानं जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं.

"होती," मावशी म्हणाली. "लई मानी. कुणाचं ऐकायची न्हाई. एकदा पाय उचलला की मागं बघणं न्हाई."

"अगंबाई," एक बाई म्हणाली.

"डोळे असे पाणीदार. अंधारात बी वाट चुकायची न्हाई. आन् घरात आली तशी बरकत आली. तिच्या जिवावर पोरं शिकली माझी."

वहिनीच्या आईनं पदर डोळ्यांना लावला. "अशी नशिबानं मिळते," ती म्हणाली. "शेवटी काय झालं हो तिचं?"

मी ताट खाली ठेवलं.

"काय व्हायचं," मावशी म्हणाली. "वय झालं. विकली."

 पंगतीत कुणाची तरी वाटी कलंडली.

"मालिका, काकू!" मी ओरडलो. "मालिकेत विकली! मालिकेत काहीही दाखवतात!"

"तेच म्हणते मी," वहिनीची आई म्हणाली. "घरातली एवढी गुणाची बाई, आणि विकली म्हणजे काय? म्हणूनच मी हल्ली मालिका बघत न्हाई." आणि तिनं मिरामावशीच्या हातात दोन विडे जास्त ठेवले.

संध्याकाळी परतताना ताई माझ्या मोटारसायकलवर मागे बसली होती. मिरामावशी पुढं दादाच्या गाडीत. ताईच्या पाठीला हिसका बसू नये म्हणून मी हळू चालवत होतो. कालव्याचा रस्ता लागला तसं मला राहवलं नाही. म्हटलं, आज ना उद्या तिला कळणारच, आपल्या तोंडून कळलेलं बरं.

"ताई, एक सांगायचं राहिलं. ती कजरी..."

"म्हैस होती," ताई म्हणाली.

मी गाडी थांबवली.

"तुला माहीत होतं?"

"तू फोनवर नाव सांगितलं तवाच आठवलं. बाळ्या, अंधारात तिचं शेपूट धरून चालायची मी. तू खांद्यावर झोपलेला, तुला काय म्हाईत."

"आणि तरी ठेवलंस?"

"मंग? एक बोलायची, एक पुढं चालायची. मी दोघींच्या मागं मागं बारावी पास झाले. नाव म्हशीचं, आणि त्या नावाच्या बाईच्या तोंडचं बोलणं मावशीचं. ह्या नावात दोघी आल्या." मग तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. दिवसभराचे तिच्याकडं शिल्लक होते. "चल. आणि तोंड बंद ठेव."

मी ठेवलं आहे. हे लिहितोय म्हणजे बोलत नाहीये, यातला फरक तुमच्यासारख्या वाचकांना कळतो. वहिनीच्या हातात हा अंक पडलाच, तर सगळी मालिका होती, एवढंच मी म्हणेन.

दुकान जोरात चाललं आहे. पाटीवर मी आता 'मालिकाही' असं वाढवून घेतलं आहे. माझ्यासाठी सध्या स्थळं बघणं चालू आहे, आणि पुढंमागं माझ्या लेकराचं नाव ठेवायला शकुताईच असणार, हे उघड आहे. म्हणून खबरदारी म्हणून मी मागच्या आठवड्यात दगडोबाकाकांकडं जाऊन त्यांच्या जुन्या बैलांची नावं विचारून आलो.

त्यातलं एक मला बरं वाटलं.